पोथी आणि वाट : पदयात्रेच्या मार्गदर्शिकेची निवड

१

मार्गदर्शिका हा लेखनप्रकार समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येतो. प्रवासवर्णनाला वाङ्मयेतिहासात स्वतंत्र प्रकरण मिळते. मार्गदर्शिकेला तळटीपही मिळत नाही. प्रवासवर्णन अनुभव घडवते आणि मार्गदर्शिका केवळ माहिती पुरवते, ही धारणा या भेदामागे आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांच्या साहाय्याने कलाविचाराची मांडणी केली. मराठी समीक्षेने या ध्रुवांची चर्चा काव्य आणि कादंबरी यांच्या संदर्भात पुष्कळ केली. परंतु लौकिक ध्रुवाच्या अगदी टोकाशी उभे असलेले, वापराखेरीज ज्याचे वाचन पुरेच होत नाही असे लेखन या चर्चेत जवळजवळ आलेच नाही.

दीर्घ पल्ल्याच्या पदयात्रेसाठी मार्गदर्शिका निवडण्याचा प्रश्न या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. वरवर पाहता तो ग्राहकाचा प्रश्न आहे. कोणती प्रत ताजी, कोणती हलकी, कोणत्या प्रतीतील नकाशे सुबक, असे त्याचे स्वरूप दिसते. प्रत्यक्षात मात्र तो निवडीच्या क्षणीच एक साहित्यिक निर्णय असतो. निवडणारा वाट चाललेला नसतो. पुस्तकाची सत्यता पडताळण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. त्याच्या हाती असते ती केवळ संहिता, तिचा सूर, तिची रचना आणि तिची मौने. अशा स्थितीत तो जे करतो ते वाचनच होय, आणि ते चुकले तर त्याची किंमत पायांनी मोजावी लागते.

या विवेचनासाठी फ्रान्सच्या सरहद्दीवरील सेंट-जाँ-पिए-द-पोर या गावापासून वायव्य स्पेनमधील सांतियागो दे कॉम्पोस्तेलापर्यंत जाणारा सुमारे ७८० किलोमीटरचा मार्ग घेतला आहे. संत जेम्सच्या समाधीकडे नेणारी ही वाट 'कामिनो फ्रान्सेस' या नावाने ओळखली जाते आणि ती चालण्यास साधारणतः महिनाभर किंवा थोडा अधिक काळ लागतो. या एका वाटेवर आठशे-नऊशे वर्षांच्या अवधीत इतक्या परस्परभिन्न मार्गदर्शिका लिहिल्या गेल्या आहेत की, वाट स्थिर ठेवून संहितांची तुलना करण्याची सोय येथे आयतीच होते.

२

या परंपरेचा आरंभ सामान्यतः 'कोडेक्स कॅलिक्स्टिनस' या बाराव्या शतकाच्या मध्यातील लॅटिन हस्तलिखिताच्या पाचव्या ग्रंथापासून मानला जातो. त्याचे कर्तृत्व पोप कॅलिक्स्टसच्या नावावर घातलेले असले तरी ते खरे नाही. एमरिक पिको या फ्रेंच धर्मोपदेशकाचे नाव कर्ता म्हणून पुष्कळदा घेतले जाते, पण तेही निर्विवाद नाही. त्याच्या अकरा प्रकरणांत मार्गाचे टप्पे, गावांची नावे, नद्यांचे पाणी, प्रदेशोप्रदेशींच्या लोकांचे स्वभाव, वाटेवर वंदनीय असलेले संतांचे देहावशेष, सांतियागोचे मंदिर आणि यात्रेकरूंचे स्वागत कसे करावे, हे विषय येतात.

या संहितेची एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावयास हवी. तिला 'यात्रेकरूची मार्गदर्शिका' हे नाव बाराव्या शतकाने दिलेले नाही. जान व्हिएयार या विदुषीने १९३८ साली मूळ लॅटिन संहिता फ्रेंच अनुवादासह प्रसिद्ध केली, तेव्हा ग्रंथाला हे शीर्षक मिळाले आणि पुढे तेच रूढ झाले. मध्ययुगात हा भाग स्वतंत्रपणे घेऊन कोणी वाट चालत असे, याला फारसा आधार नाही. त्याच्या टप्प्यांकडे पाहिले तरी हा संशय बळावतो. पिरेनीजच्या खिंडीपासून सांतियागोपर्यंतचा मार्ग तेथे अवघ्या तेरा टप्प्यांत बसवला आहे. त्यांपैकी दोन टप्पे घोड्यावरून करावयाचे, अशी सूचना आहे. पण जेथे तशी सूचना नाही तेथेही लेओन ते राबानाल हे अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास भरते. एका दिवसात ते पायी तोडणे सामान्य यात्रेकरूच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणजे येथील 'टप्पा' हे चालण्याचे परिमाण असण्यापेक्षा मार्गाला आकार देण्याची, तो एका नजरेत मावेल असा करण्याची युक्ती आहे. विसाव्या शतकातील वाचकाने त्या युक्तीला वेळापत्रक म्हणून वाचले. प्रकार ही संहितेच्या अंगची उपजत गोष्ट नसून वाचनपरंपरेने तिच्यावर सोपवलेले कार्य असते, या सिद्धान्ताला याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट सूराची. पुआतूच्या लोकांची स्तुती करणारा हा लेखक नाव्हारच्या आणि बास्क लोकांविषयी मात्र कमालीच्या तिरस्काराने लिहितो. खाऱ्या नदीच्या काठी सुऱ्या परजत बसलेले, तिचे विषारी पाणी पिऊन मरणाऱ्या घोड्यांची कातडी सोलण्याची वाट पाहणारे नाव्हारी त्याने रंगवले आहेत. रोलाँ बार्थने १९५७ साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या 'मिथॉलॉजीज'मध्ये 'गीद ब्ल्यू' या फ्रेंच मार्गदर्शिकेची जी चिकित्सा केली ती येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्या चिकित्सेतील मुख्य उदाहरण स्पेनचेच आहे. मार्गदर्शिका देशाला स्मारकांत आणि माणसांना नमुन्यांत बदलते, आणि म्हणून पाहण्याचे साधन असल्याचा दावा करणारे हे पुस्तक आंधळेपणाचे साधन बनते, असा बार्थचा आक्षेप आहे. बाराव्या शतकातील ग्रंथाला तो जसाच्या तसा लागू पडतो.

पण पुरता लागू पडत नाही. बास्क लोकांची निर्भर्त्सना करणारे तेच प्रकरण त्यांच्या भाषेतील शब्दांची एक छोटी यादीही देते : देव, भाकरी, मद्य, मांस, पाणी, घर. बास्क भाषेच्या अगदी जुन्या शब्दसंग्रहांत तिची गणना होते. लेखकाची मते काहीही असोत, त्या यादीमुळे वाचक त्याच लोकांच्या दारात उभा राहून भाकरी मागू शकतो. संहितेचे मत एका बाजूला ओढते आणि तिचा उपयोग दुसऱ्या बाजूला. बार्थच्या चिकित्सेला मार्गदर्शिकेची ही अंतर्गत विसंगती दिसत नाही, कारण तो ती खोलीत बसून वाचतो. वाटेवर वाचणाऱ्याला मात्र ती प्रथम दिसते.

३

या ग्रंथानंतर सुमारे साडेतीन शतकांनी, १४९५ साली, हेर्मान क्युनिग फॉन फाख या जर्मन मठवासीयाची मार्गदर्शिका आली. ती पद्यात आहे. आइनझीडेल्न येथून निघून सांतियागोला जाणारा आणि तेथून आखेनला परतणारा मार्ग तीत यमकबद्ध ओळींतून सांगितला आहे. कोठे पूल आहे, कोठे धर्मशाळेत भाकरी मिळते, कोणता डोंगर टाळता येतो, यांवर तिचा भर आहे. पद्य येथे अलंकार म्हणून आलेले नाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही पाठ करता यावे, आणि पुस्तक हाती नसतानाही वाट हाती असावी, ही त्यामागची सोय आहे.

क्युनिगची आणखी एक विशेषता आधुनिक मार्गदर्शिकांशी तुलना करता ठळक होते. त्याच्या पुस्तकात परतीची वाट आहे. आजच्या मार्गदर्शिका सांतियागोपाशी, फार तर त्यापलीकडे समुद्रकाठच्या फिनिस्तेर्रेपाशी संपतात. पुढची वाट आगगाडीची किंवा विमानाची असते. मध्ययुगीन यात्रेकरूला मात्र पोचल्यानंतर तेवढेच अंतर पुन्हा चालावे लागत असे. यात्रा म्हणजे पोचणे, ही कल्पना मार्गदर्शिकेच्या शेवटच्या पानाने आधुनिक वाचकाच्या मनात पक्की केली आहे. पंढरपूरच्या वारीच्या परंपरेत 'परतवारी' हा शब्द टिकून आहे; कामिनोवरील मार्गदर्शिकांतून ती कल्पनाच गळून पडली. पुस्तकातील ही सर्वांत मोठी गाळणूक असूनही ती कोणालाच जाणवत नाही, कारण सर्व पुस्तकांत ती सारखीच आहे.

मराठी वाचकाला येथे महानुभावांच्या 'स्थानपोथी'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेला हा ग्रंथ चौदाव्या शतकातील असून परंपरेने तो मुनिव्यासांच्या नावावर आहे. 'लीळाचरित्रा'त चक्रधरांच्या लीळा आहेत; 'स्थानपोथी'त त्या लीळा जेथे घडल्या त्या जागा आहेत. कोणत्या गावी, कोणत्या दिशेला, कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगाला स्वामींचे आसन अथवा वसती झाली, याची ती नोंद आहे. तिचा भर गावापासून गावापर्यंतच्या वाटेपेक्षा गावातील जागा नेमकी ओळखता येण्यावर आहे. कॅलिक्स्टिनसमधील संतावशेषांच्या प्रकरणाशी तिचे नाते जुळते, क्युनिगच्या पद्याशी जुळत नाही.

या तीन जुन्या संहिता शेजारी ठेवल्या असता मार्गदर्शिकेची तीन कार्ये वेगळी करता येतात. पहिले स्थान ओळखवण्याचे, दुसरे वाट निभावण्याचे, तिसरे चालण्याला अर्थ देण्याचे. प्रत्येक संहिता या तिन्हींचे कमीअधिक मिश्रण करते. एखादे कार्य ती कशाच्या मोबदल्यात पार पाडते, हे पाहिल्यावाचून निवड डोळस होत नाही.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वाट जवळजवळ निर्मनुष्य झाली होती. १९८५ साली सांतियागो येथे यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या सातशेच्याही आत होती. युरोपीय परिषदेने १९८७ साली या मार्गाला पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून घोषित केले, १९९३ साली स्पेनमधील मार्ग जागतिक वारशाच्या यादीत आला आणि त्याच वर्षी ही संख्या ९९ हजारांवर गेली. २०१९ साली ती सुमारे ३ लाख ४७ हजार होती; २०२२ साली तिने ४ लाखांचा आकडा ओलांडला. या वाढीला धार्मिक, शासकीय आणि पर्यटनविषयक अशी अनेक कारणे आहेत. परंतु वाट पुन्हा वाचनीय करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात एका व्यक्तीला दिले जाते. ती व्यक्ती म्हणजे ओ सेब्रेइरो या डोंगरमाथ्यावरील खेड्याचे धर्मगुरू एलियास बालिन्या (१९२९–१९८९).

बालिन्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी या मार्गाची आधुनिक मार्गदर्शिका लिहिली आणि १९८४ साली वाटेवर पिवळे बाण रंगवण्यास आरंभ केला. या दोन कृती एकाच लेखकाच्या आहेत, ही गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पुस्तकातील वाक्य दगडावर, झाडावर, गोठ्याच्या भिंतीवर उतरले. बाण ही मार्गदर्शिकेची अत्यंत संक्षिप्त आवृत्ती आहे. ती एकच विधान करते, आणि ते विधान ज्या जागी खरे असते त्याच जागी करते. पुस्तकातील सूचना लिहिण्याचा क्षण आणि वापरण्याचा क्षण यांच्यात अंतर असते. बाणाच्या बाबतीत ते जवळजवळ नाहीसे होते. लेखकाने आपल्या पुस्तकाची गरज स्वतःच्या हाताने कमी केली, असे क्वचितच घडते.

बाण आल्यावर मार्गदर्शिकेचे 'वाट दाखवणे' हे मूळ कार्य उरले नाही. तरीही पुस्तके कमी न होता वाढत गेली. त्यांनी काय दाखवण्याचे पत्करले, यावरून त्यांचे प्रकार पडतात. डेव्हिड गिटलित्झ आणि लिंडा के डेव्हिडसन यांची २००० साली प्रसिद्ध झालेली सांस्कृतिक हस्तपुस्तिका निवासाची माहिती जवळजवळ देतच नाही. ती इतिहास, शिल्प, वास्तू आणि आख्यायिका यांचे गावोगावचे विवेचन करते. जॉन ब्रायर्ली यांची २००३ पासून वर्षानुवर्षे सुधारून निघत आलेली मार्गदर्शिका त्याच वाटेचे तेहतीस दिवसांत विभाजन करते. प्रत्येक दिवसाला नकाशा, निवासस्थाने आणि अंतरे देतानाच 'व्यावहारिक वाट' व 'गूढ वाट' अशी दुहेरी मांडणी करते, आणि वाचकाने स्वतःचे चिंतन लिहावे म्हणून कोरी जागाही ठेवते. लंडन येथे १९८३ साली स्थापन झालेल्या संत जेम्स बंधुसंघाच्या पुस्तिका याहून साध्या होत्या. नुकत्याच चालून आलेल्या यात्रेकरूंच्या दुरुस्त्या घेऊन त्या पुन:पुन्हा निघत.

वाटेचा एकच तुकडा घेतला तरी हा फरक जाणवतो. कारिओन दे लोस कोंदेस आणि काल्सादिल्या दे ला क्वेसा या दोन गावांच्या दरम्यान पठारावर सुमारे सतरा किलोमीटर एकही गाव लागत नाही. व्यावहारिक पुस्तकासाठी ही रेषा म्हणजे पाण्याचा प्रश्न आहे. सांस्कृतिक हस्तपुस्तिकेसाठी ती जुन्या रोमन रस्त्याचा सरळ अवशेष आहे. अंतर्मुखतेकडे वळवणाऱ्या पुस्तकासाठी ती रिकामेपणाची साधना आहे. तिन्ही वाचने वस्तुनिष्ठदृष्ट्या निर्दोष आहेत. परंतु उन्हात तिसऱ्या तासाला चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती समान नाहीत. पाण्याविषयीचे वाचन चुकले तर शरीर लगेच सांगते. रोमन रस्त्याविषयीचे चुकले तर एखादा अभ्यासक सांगेल. रिकामेपणाविषयीचे चुकले तर कोणीच सांगत नाही; उलट अपेक्षित साधना घडली नाही तर चालणारा स्वतःलाच उणा समजतो. संहिता आपल्या चुकीचा पुरावा कोणाच्या हाती देते, हा निवडीचा खरा निकष येथून पुढे येतो.

५

स्टॅन्ली फिश यांनी 'अर्थनिर्णायक समुदाय' ही संकल्पना मांडली तेव्हा त्यांच्यासमोर विद्यापीठीय वाचक होते. एकाच पद्धतीने वाचणाऱ्यांचा समुदाय, असे तिचे स्वरूप आहे. कामिनोवर ही संकल्पना अक्षरशः देहधारी होते. ज्यांच्या पिशवीत एकच मार्गदर्शिका असते ते एकाच दिवशी, एकाच गावी, एकाच निवासात उतरतात. पुस्तकात टप्प्याचा शेवट म्हणून नोंदलेल्या गावी खाटा अपुऱ्या पडतात, आणि चार-पाच किलोमीटर अलीकडच्या वा पलीकडच्या गावी त्या रिकाम्या राहतात, हा अनुभव पदयात्री वारंवार सांगतात. टप्प्याची रेघ मारणे ही लेखकाची पृष्ठरचनेची सोय असते. खेड्यातील खाणावळवाल्यासाठी ती उपजीविकेची बाब होऊन बसते. मिशेल द सेर्तो यांनी नकाशा आणि मार्गक्रमण यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. चालण्याच्या क्रियेने घडलेली जागा नकाशात गोठते, ही त्यांची मांडणी आहे. येथे गोठलेला नकाशा उलट फिरून चालण्यालाच घडवू लागतो.

व्हिक्टर आणि ईडिथ टर्नर यांनी १९७८ सालच्या आपल्या ग्रंथात ख्रिस्ती यात्रेचे जे विवेचन केले, त्यात यात्रेकरूंमधील समभावाला, पद आणि प्रतिष्ठा गळून पडलेल्या सहवासाला, केंद्रस्थान आहे. वारीच्या अभ्यासकांनाही ही मांडणी परिचित आहे. पण वारी आणि कामिनो यांत एक भेद आहे, आणि तो पुस्तकाशी निगडित आहे. आषाढी वारीला मार्गदर्शिका लागत नाही. पालखीचे मुक्काम ठरलेले असतात, दिंडीला क्रमांक असतो, विणेकरी आणि चोपदार असतात. नवख्या वारकऱ्याने कोठे थांबावे याचे उत्तर त्याच्या पुढे चालणाऱ्याच्या पाठीवर लिहिलेले असते. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख किंवा दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' (१९६४) हे पुस्तक वारीचे श्रेष्ठ लेखन आहे, पण वाट सापडावी म्हणून ते कोणी बरोबर घेत नाही. कामिनोवर मात्र माणूस बहुधा एकटा किंवा दुकटा निघतो. दिंडीची जागा पुस्तक घेते. म्हणून मार्गदर्शिका निवडणे म्हणजे माहितीचा स्रोत निवडण्यापेक्षा दिंडी निवडण्याच्या अधिक जवळचे आहे. कोणाच्या चालीने चालावयाचे आणि कोणाच्या शब्दावर थांबावयाचे, हे त्या निवडीत ठरते.

दिंडी आणि पुस्तक यांत एक उणीव मात्र सांधता येत नाही. दिंडीतील माणूस थकला तर दिंडी त्याच्याकडे पाहते. पुस्तक पाहत नाही. वुल्फगांग इझर यांच्या परिभाषेत सांगायचे तर पुस्तकापाशी असतो तो गर्भित वाचक. त्याचे गुडघे दुखत नाहीत. तेहतीस दिवसांत चालणारा तो वाचक आणि त्याचे पुस्तक घेऊन चालणारा साठीतला प्रत्यक्ष माणूस, यांच्यातील अंतर वाढू लागले की बहुतेक जण पुस्तकाऐवजी स्वतःला दोष देतात. या वाचनव्यवहारात पणाला लागते ते हेच.

६

यावरून निवडीचे काही निकष मांडता येतील. पहिला, पुस्तक कोणाला उद्देशून बोलते. त्याचा गर्भित वाचक किती वयाचा, किती सवडीचा, किती श्रद्धेचा आहे. दुसरा, त्याचे मौन कोठे आहे. ते परतीविषयी, वाटेवरच्या माणसांविषयी की थांबण्याच्या अधिकाराविषयी आहे. तिसरा आणि निर्णायक, पुस्तक आणि वाट यांत विसंगती आली असता शेवटचा शब्द ते कोणाला देते.

या तिसऱ्या निकषावर बंधुसंघाच्या साध्या पुस्तिका, कोणताही वाङ्मयीन आविर्भाव नसतानाही, श्रेष्ठ ठरतात. आपण चुकू शकतो ही गोष्ट त्यांच्या निर्मितीच्या पद्धतीतच गृहीत आहे, आणि वाचक तेथे पुढील आवृत्तीचा सहलेखक असतो. गिटलित्झ-डेव्हिडसन यांचा ग्रंथ निघण्यापूर्वी घरी वाचावयाचा. त्याचे वजन मनाने वाहावे, पाठीने वाहू नये. ब्रायर्ली यांच्या पुस्तकाबाबत निर्णय दुहेरी द्यावा लागतो. त्यातील कोरी जागा हा खरा औदार्याचा भाग आहे, कारण तेथे वाचकाला लेखनाचा अधिकार मिळतो. परंतु त्याच पुस्तकाची दिवसांची रेघ तो अधिकार दुसऱ्या हाताने काढून घेते. लेखक २०२३ साली निवर्तले, पण ती रेघ आजही वाटेवरच्या खाटांचा हिशेब ठरवते. ते पुस्तक घ्यावयाचे तर दिवसांच्या मथळ्यांवर शाई फिरवून घ्यावे. भ्रमणध्वनीवरील उपयोजने अंतरे आणि निवास ताजे ठेवतात. चालणाऱ्याचे स्थान दाखवणारा पडद्यावरचा ठिपका मात्र बाणाहूनही अधिक आज्ञाधारक वाचक घडवतो, कारण बाण सापडण्यासाठी निदान मान वर करावी लागते.

पुष्कळ पदयात्री मार्गदर्शिकेची चाललेली पाने रोज संध्याकाळी फाडून टाकतात. ओझे कमी व्हावे, एवढाच त्यांचा हेतू असतो. पण सांतियागोच्या चौकात पोचेपर्यंत त्यांच्या हाती केवळ पुठ्ठा उरलेला असतो, आणि पुस्तक वाचून झालेले असते. वाट हाती आल्यावर संपून जाण्याची तयारी ज्या पुस्तकात असते तेच बरोबर घेण्याजोगे.